दिवंगत सदस्याचे मौन संमती धरल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
आवृत्ती मंजुरी समिती,
मुक्तस्रोत सॉफ्टवेअर संस्था

विषय: माझ्या दिवंगत वडिलांची 'मूक संमती' रद्द करून नवी आवृत्ती थांबवण्याबाबत.
संदर्भ: समन्वयकांशी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

माझे वडील पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंता. टाकीत क्लोरीन किती सोडायचे हे ठरवणारी आपली मुक्त प्रणाली तिघे स्वयंसेवक सांभाळत. वडील त्यांपैकी एक. नव्या आवृत्तीला तिघांची मंजुरी लागते, आणि आठवडाभरात ज्याची हरकत आली नाही त्याची मंजुरी धरली जाते.

१. नव्या आवृत्तीत पाण्यातले क्लोरीन मोजणारा मापक बंद पडला, तर त्याचा शेवटचा आकडाच खरा मानला जातो. वडिलांनी अंथरुणावरून समन्वयकांना फोनवर सांगितले होते, "मापक गप्प आहे म्हणजे पाणी चांगलं आहे, असं कुणी सांगितलं तुला? मी असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही." समन्वयकांनी हे वाक्य फारच शब्दशः घेतले, असा मला संशय आहे.

२. अंत्यविधीला ते आले होते. "काकू, आता आम्हाला अडवणारं कुणी उरलं नाही हो," म्हणून आईजवळ रडले. तेव्हा मलाही भरून आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती आवृत्ती मंजुरीला ठेवली. आठवडा गेला. वडिलांची हरकत आली नाही.

३. मी नोंदवलेली हरकत फेटाळली गेली, कारण मी सदस्य नाही. समन्वयकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, तुमच्या भावना कळतात, पण काकांनी लेखी कुठे काय दिलंय?" मग त्यांचे नाव तरी काढा, म्हटले. "त्याला सदस्याचा स्वतःचा अर्ज लागतो." नाव काढल्यास दोघेच उरतात आणि मंजुरी अपुरी पडते, हे मात्र मला नियमावलीतच वाचावे लागले.

४. काल वडिलांची पुढील वर्षासाठी फेरनिवड झाली. अविरोध.

ही आवृत्ती सोमवारी जलशुद्धीकरण केंद्रांत पोहोचते आहे. माझ्या वडिलांना पटले तर ते एका शब्दात हो म्हणत, न पटले तर तासभर बोलत. गप्प ते एकदाच राहिले, आणि ते कुणाला होकार देण्यासाठी नव्हे. त्यांच्या आक्षेपाला कोणीतरी उत्तर देईपर्यंत आवृत्ती थांबवावी, ही विनंती. आपले उत्तर आले नाही, तर त्याचा मी कोणताही अर्थ लावणार नाही. सोमवारी कार्यालय उघडताच समोर येऊन बसेन.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
दिवंगत सदस्याची मुलगी
दिनांक: १४ मार्च

सोबत:
१. मृत्यूचा दाखला
२. समन्वयकांनी स्वतःच्या सहीने आईला पाठवलेले सांत्वनपत्र