चित्रातलं मिठागर

उरण,
११ मार्च २०२५

प्रिय परेशदादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझं जहाज मस्कतला लागलं असेल. दिपालीवहिनी आणि मुलं मजेत आहेत. फोनवर तू चिडशील आणि माझं बोलणं अर्धंच राहील, म्हणून लिहितेय.

आमचा टॅबवर खेळायचा गेम बनवून संपत आलाय. त्यातली सगळी चित्रं मी कागदावर शाईने, जलरंगांनी काढलीत. त्यात आपलं मिठागर आहे, बंदराच्या भरावाखाली गेलं ते. पुण्याचा सुश्रुत, आमचा मुख्य, म्हणत होता की फोटोसारखं हुबेहूब करू. मी अडून बसले, ते बाबांमुळे. आई गेल्यापासून त्यांचं विसरणं वाढलंय. मिठागराचा जुना फोटो दाखवला तर म्हणाले, "कुनाचं हाय?" पण माझ्या वाकड्यातिकड्या रेघा टॅबवर हलताना पाहिल्या आणि उठून बसले.

"आपलंच हाय. त्यो बांध मीच घातला."

मग रोज टॅबवरच्या माणसाला बांधावरून चालवत बसायचे. तू म्हणाला होतास, त्यांना यात गुंतवू नकोस. पण ते हसत होते, दादा. माझ्याने टॅब काढून घेववला नाही.

गुरुवारी दुपारी मी सुश्रुतशी बोलून खोलीबाहेर आले, तर दार उघडं, परसातलं फावडं नाही. स्वयंपाकाच्या कृष्णाबाई आणि मी गावभर फिरलो. तेवढ्यात शेजारच्या विनेशचा फोन. तो ट्रेलर घेऊन कंटेनर यार्डाकडे चालला होता. आपलं मिठागर होतं तिथेच बाबा भर रस्त्यात उभे राहून, बांध घालायला फावड्याने डांबर खरवडत होते. त्याने ब्रेक मारला, तरी धक्का लागलाच.

मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, जिवाला धोका नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. हात धजला नाही.

ते शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "बाबा, घरी का नाही परतलात?"

"चित्रात घर न्हाय," ते म्हणाले. "मंग येऊ कुठं?"

खरंच नाही. गेमच्या गोष्टीला लागत नव्हतं, म्हणून मी काढलंच नव्हतं.

सुश्रुतला म्हटलं, एक चित्र वाढवायचंय.

"प्राप्ती, आता काही वाढणार नाही. गेम द्यायची वेळ आली."

"मग मिठागरही काढून टाक. माझं नावही."

तेव्हा तो म्हणाला, "लवकर पाठव."

दवाखान्यातल्या बाकावर बसून घर काढलं. ओटा, नारळ, निळं दार. बाबांसमोर धरलं. त्यांनी दारावर बोट ठेवलं, डोळे भरून आले. "हेच," म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "बाय, तू कुनाची?"

त्यांनी घर ओळखलं, दादा. मला नाही. कालपासून तेच विचारतायत. मी सांगते, बुधाजींची. ते मान हलवतात, जणू बुधाजी कुणी दुसराच.

काल रात्री मात्र झोपेत त्यांनी तुझं नाव घेतलं. ते आठवतंय तोवर ये. सुट्टी मिळत नसेल तर भांडून घे.

बुधाजींची मुलगी,
प्राप्ती