सतरा नंबरचे दोन चिमटे

रविवार, संध्याकाळी साडेसात

कांबळेच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाची ती उचकी अजून कानात आहे. सलग घरघर, मध्येच गप्प, पुन्हा घरघर. मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. मोटर बिघडली की असा आवाज येत नाही. कुणीतरी त्याच्याच चॅनलवर दुसरा रिमोट चालू केला होता; एका चॅनलवर दोन रिमोट आले की विमान असंच गोंधळतं.

पण कसा? मुलुंडच्या आमच्या मैदानावर नियम एकच. फळ्यावरचा आपल्या चॅनलचा चिमटा काढून टोपीला लावल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. चिमटा एक, म्हणजे त्या चॅनलवर माणूसही एकच. आणि सतराचा चिमटा तर कांबळेच्या टोपीला होता.

गाड्यांकडे गेलो. सावंत उघड्या डिकीपाशी रिमोट घेऊन उभा. त्याच्या खिशालाही सतराचा चिमटा!

"अरे, माझाही चॅनल सतराच, आणि कांबळे चिमटा लवकर सोडत नाही ना, म्हणून घरी एक बनवला. दोनच मिनिटं तपासत होतो, यार."

हा नियम आम्हाला शिकवला सावंतनेच. म्हणून गप्प बसलो का मी? कांबळे बिचारा बॅटरीला शिव्या घालत घरी गेला. पुढच्या रविवारी शाळेची पोरं बघायला येणार, आणि त्यांच्या डोक्यावर तशीच उचकी लागली तर...

राहवलं नाही. आत्ताच सावंतला फोन लावला. "कांबळेला आजच सांग, नाहीतर मी सांगतो. आणि असे चिमटे केलेस तरी किती?"

"चिडतोस काय रे? सगळ्याच नंबरांचे केले, वाटूनही टाकले. तुझा कुणाकडे गेला, ते मात्र आठवत नाही बघ."