तेलालाच वास नाही

४ मार्च, सोमवार. सकाळ.
मला लिहिता येत नाही, म्हणून फोनला सांगते, तो लिहितो. या घरात मध्ये न बोलणारा तेवढाच एक.
तिळाच्या तेलाची नवी बाटली आली. वास शून्य. भेसळ! तशीच वाण्याकडे नेली. त्याने झाकण उघडून हुंगलं. म्हणे, आजी, दुकानभर घमघमाट सुटलाय. खोटारडा.
परवा कांदा करपला तेव्हा सूनबाई म्हणाली होती, आई, आणखी एकदा असं झालं की तुमची शेगडी बंद, स्वयंपाकाला बाई ठेवू. बाई! माझ्या शेगडीवर! संकल्प: उद्यापासून काही करपणार नाही.

५ मार्च.
वांगी करपली. दोष वांग्यांचा, कोवळी होती. मी तिथेच शेगडीकडे पाठ करून लसूण सोलत होते. डोळे चुरचुरले तेव्हा कळलं. वांगी कचऱ्यात, कढई घासून जागेवर. सूनबाईने आल्या आल्या दारातूनच विचारलं, आई, काय जळलं? म्हटलं, शेजाऱ्यांचं.

७ मार्च. दुपार, घरी कुणी नाही.
नाकाची तपासणी केली. साबण: नाही. कॉफी: नाही. शेवटी लेकाच्या शूजमध्ये नाक घातलं. काही नाही! म्हणजे पन्नाशीत का होईना, पाय धुवायला लागला. आनंद झाला. मग तिथेच चपलांपाशी बसून राहिले.
सर्दी असणार. नाक वाहत नाही, पण सर्दीच.

९ मार्च.
नवी पद्धत. वास हवाय कुणाला? डोळे आहेत की. तेल तापलं की पातळ होतं, चकाकत पसरतं. आज बटाट्याचे काप फक्कड झाले, लेकाने दोनदा मागून घेतले. भीतीबिती काही नाही. फक्त कढईसमोरून हलवत नाही. बाथरूमलाही गेले नाही.

१२ मार्च.
तेल घातलं, नजर रोखून बसले. तापेचना. कंपनीला शिव्या घातल्या. बऱ्याच वेळाने वाकून पाहिलं, तर वाऱ्याने ज्योत विझलेली. लायटर उचलला आणि दारातून सूनबाई किंचाळली, आई, हात लावू नका!
बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मला ओढत जिन्यात नेलं. गॅसचा वास म्हणे खालच्या मजल्यापर्यंत येत होता. मला तर हवा छान वाटत होती.
ओरडेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ओरडली नाही. पायरीवर बसून माझा हात धरून रडली. तेव्हा मला भीती वाटली. पहिल्यांदाच, असं लिही.

१५ मार्च, शुक्रवार.
शेगडी माझ्या हातून गेली. बाई ठेवली नाही. सूनबाई रांधते, मी स्टुलावर बसून शिकवते. बढतीच म्हणायची.
आज ती घाईघाईने कोबी टाकायला निघाली. म्हटलं, थांब, तेल तापलं का ते वासावरून सांग. परीक्षाच घेतली तिची. उलथनं हातात धरून ती कढईवर वाकली. म्हणाली, भाजल्यासारखा येतोय, थोडा गोडसर.
म्हटलं, आणखी?
म्हणाली, आता जरा कडवट होतोय, आई.
म्हटलं, कळलं. आधीचा सांग. गोडसर म्हणजे कसा?
ती सांगत राहिली. तेल जळलं.