हौदाकाठची पार्सली

ऐन सफ्सफ, ९ एप्रिल १९६४

ती. मातिल्दताईस,
स. न. वि. वि. तुझा झातर मसाला मिळाला. पुडी उघडली आणि घरभर घमघमाट सुटला. नखलेभाऊ म्हणाला, बैरूतला राहूनही ताईला चांगला झातर ओळखता येतो, हे नवलच.

माझा ताप उतरला. भिंतीलगतची पार्सली मात्र बर्फाने गेली. पण हौदाच्या ओलीत आपोआप भरघोस उगवली आहे. गेल्या वर्षीचं बी सांडलं असेल. २३ तारखेला मार जिरयिसच्या सणाला सगळ्यांसाठी याच पार्सलीचं परातभर तबूले मीच चिरून कालवणार. तूही ये, आलीस तर जरा कमी बोल.

लोभ ठेव.
तुझी वदाद

बैरूत, १४ एप्रिल

चि. वदादला अनेक आशीर्वाद.
त्याच झातरची माझ्यासाठी ठेवलेली पुडी काल उघडली. घासलेटाचा भपकारा! दुकानदाराने घासलेट सांडलेल्या पोत्यात माल ठेवला होता. मी पुडी त्याच्या नाकाखाली धरली आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची लाज काढली. तीस वर्षं वर्गात पोरींना ओरडले, तो आवाज अजून शाबूत आहे.

आणि तू म्हणतेस घमघमाट. माझं मन राखायला खोटं बोललीस, तर जोगिणींच्या शाळेत तुझी फी फुकट गेली. आणि खोटं बोलली नसलीस, तर मला जास्त काळजी वाटते. कॉफीचा वास येतो का तुला? सरळ लिही.

तुझी ताई

ऐन सफ्सफ, १८ एप्रिल

ती. ताईस,
स. न. वि. वि. पकडलंस. तापानंतर वास गेला तो गेलाच. नखलेभाऊचं बोलणंही मीच रचलं, पुडी कुणाला हुंगायला दिलीच नाही. कॉफी दोनदा जाळली आणि खापर मांजरावर फोडलं. कुणाला सांगू नकोस. एवलीनवहिनी टपलीच आहे. कळलं तर स्वयंपाकघर तिचं, आणि मी कोपऱ्यात जपमाळ ओढत बसायची. भावाच्या घरात माझं तेवढंच तर आहे.

हौदाकाठी मात्र दृष्ट लागावी अशी वाढ आहे. उंची गुडघ्यापर्यंत, पानं नेच्यासारखी नाजूक, देठं गुळगुळीत आणि त्यांवर जांभळे ठिपके. थंडीने पडले असावेत. बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, तेवढीच राखण वाचली. सणाच्या आदल्या संध्याकाळी काढीन.

माया असू दे.
वदाद

बैरूत, २२ एप्रिल
(टॅक्सीवाल्या फारिसच्या हाती)

वदाद,
पत्र आत्ता मिळालं. नमस्कार-आशीर्वाद राहू देत. ते चिरू नकोस. पार्सलीच्या देठावर जांभळे ठिपके कधी पाहिलेस? तो शौकरान आहे, जिवावरचं विष. आई प्रत्येक जुडीचं पान चुरडून नाकाशी धरायची, ते काय हौसेने? उंदरासारखा वास आला की हाताला फडकं गुंडाळून मुळासकट उपटायची. एकदा बारीक चिरून लिंबू पिळलं की डोळ्यांना काही कळायचं नाही.

एवलीनला हाक मार आणि तिला वास घ्यायला सांग. हो, तिलाच. मानपान नंतर बघू. फारिसला सांगितलंय, वाटेत कुठे थांबलास तर गाठ माझ्याशी आहे.

ताई

ऐन सफ्सफ, २३ एप्रिल

ती. ताईस,
फारिसची गाडी रस्त्यात बिघडली. तो आज सकाळी पोचला. दलिया भिजला होता, जुड्या धुऊन ठेवल्या होत्या, मी सुरी हातात घेतलेली. वहिनीला हाक मारली. तिने पान चुरडलं, हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, उंदीर. टोमणा मारला नाही. सगळं चुन्याच्या खड्ड्यात पुरलं आणि माझे हात तिनेच धुतले.

पण ताई, पहिली जुडी शेजारी द्यायची आपली रीत. काल संध्याकाळी मी ती भिंतीवरून लतीफेला दिली. वर म्हटलंही, आमच्या हौदाची चव बघ. वहिनी धावत तिच्याकडे गेली, तर दाराला कुलूप. समोरची म्हातारी म्हणाली, लतीफे पहाटेच्या बसने झाहलेला गेली, बाळंतीण लेकीकडे; मांडीवर फडक्यात बांधलेलं तबूलेचं भांडं होतं. दुकानातल्या फोनवरून झाहले लागत नाही. नखलेभाऊ फारिसला घेऊन निघतोय. हे पत्र वाटेत टपालात टाकायला देते.

आत्ता भिंतीवरून डोकावले. निवडलेली देठं लतीफेने कोंबड्यांना टाकली होती. दोन कोंबड्या पाय ताणून पडल्यात. तिसरी बसून आहे, मान उचलायला बघते, तिला उचलता येत नाही.

प्रार्थना कर. माया राहिली तर ठेव.
वदाद