आपला संदेश पोहोचला

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही, नवी खोली, नवी नोकरी. खोलीची खिडकी पूर्वेला आहे. घरमालकीणबाईंनी स्वतःहून पडदे लावून दिलेत, एक निळा आणि एक हिरवा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पडदे जुळले नाहीत तरी चालेल, माणसं जुळली म्हणजे झालं.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. टेबलं दोन, आणि डुगडुगणारी खुर्ची अर्थातच माझ्या वाट्याला आली. आम्ही छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळतो. ऐंशी-पंच्याऐंशी साइट एकाच सर्व्हरवर, एका छताखाली बिऱ्हाडं थाटावीत तशा. मालक म्हणाले, इथे रोज डोंगर पोखरायचा आणि उंदीर काढायचा. मी हसले. लग्न मोडल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला उंदीर बाइंडिंगवाल्या काकांचा. सत्तरीचे आहेत, बोटांना खळीचा वास, शर्टाच्या खिशात दाभण. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान आणि वर घर. साइटवर फॉर्म भरला की काम सांगणाऱ्याचा मेल त्यांना यायला हवा, पण दोन वर्षांत एकही आला नाही. सुरुवातीलाच त्यांनी तक्रारही केली होती. मालकांनी फॉर्म भरून बघितला, "आपला संदेश पोहोचला, धन्यवाद" असं दिसलं, आणि तक्रार 'निकाली' म्हणून मिटवून टाकली.

मीही भरून बघितला. तीच ओळ आली, मेल नाही.

ही साइट त्यांच्या मुलीने बनवली. तीन वर्षांपूर्वी भांडण झालं तेव्हा काकांनी तोंड दाखवू नकोस म्हटलं, तिचा नंबर आणि मेल दोन्ही बंद करून टाकले. ती परत दारात आली तर दार उघडलं नाही. महिन्याभरात राग निवला, पण तोवर तिचा नंबर बदलला होता, आणि बंद केलेला मेल परत सुरू कसा करायचा ते काकांना येईना. हे सगळं त्यांनी मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. मी काही विचारलंही नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. दोन वर्षांपूर्वी सगळ्या साइट नव्या सर्व्हरवर हलवल्या. काकांचा फॉर्म जो लिहील त्याच्याच नावाने मेल धाडत होता. नवा सर्व्हर असं दुसऱ्याच्या नावाचं पत्र दारातच अडवतो आणि गुपचूप फेकून देतो. त्यात शेजारच्या कुठल्यातरी साइटने जाहिरातींचे ढीग पाठवल्यामुळे आमचा अख्खा सर्व्हर बदनाम झालेला. करावं एकाने, भरावं सगळ्यांनी.

साइटच्या नावाने वेगळं मेलखातं उघडलं, फॉर्मला त्याचा पासवर्ड दिला, आमच्या नावाने कोण पत्र पाठवू शकतं याची नोंद नीट केली. चार वाजता चाचणीचा मेल गेला आणि पोहोचला. काका स्वतः संत्री घेऊन आले. म्हणाले, पोरी, तुझे हात सोन्याचे आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्ममध्ये आलेल्या प्रत्येक संदेशाची प्रत डेटाबेसमध्ये राहते. हरवलेली कामं काकांना काढून द्यावीत म्हणून उघडलं.

चौसष्ट संदेश. त्यातले सदतीस मुलीचे.

बाकी सगळ्या वाटा बंद होत्या, म्हणून ती स्वतःच बनवलेल्या फॉर्ममधून लिहीत होती. 'बाबा, इथे हॉस्पिटलच्या रजिस्टरची शिवण सुटलीये, तुम्ही बघितलं असतंत तर शिव्या घातल्या असत्यात.' 'बाबा, शिव्या द्या, पण उत्तर द्या.' 'बाबा, मला वॉर्डात हलवलंय.' दर वेळी तिला खाली तीच ओळ दिसली असणार. ती तिनेच लिहिलेली होती. पोहोचलं म्हणजे पोहोचलं, असंच तिने धरलं. वाचूनही बाबा बोलत नाहीत, असं.

तिच्या पत्रांनंतरचे तीन वॉर्डातल्या सिस्टरचे आहेत. मागच्याच्या मागच्या डिसेंबरातले. पहिला: मुलीने हाच पत्ता दिलाय, प्रकृती नाजूक आहे, लगेच या. दुसरा: ती काल दुपारी गेली, आम्ही तीन दिवस वाट पाहू. तिसरा: कुणी आलं नाही, शेवटचं सगळं आम्ही दोघी सिस्टरनी केलं, जाईपर्यंत ती दाराकडे तोंड करून झोपवा म्हणत होती.

सिस्टरने खाली नंबर दिला होता. मी फोन केला. तिला आठवत होतं. सगळं खरं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांना दाखवलं. बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, झाकली मूठ राहू दे. म्हाताऱ्याला आशा तरी आहे. सोमवारपर्यंत थांब, मग बघू.

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. उतरताना काका दुकानात दिसले. त्यांनी हात केला, मी पण केला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेले. दोनदा परत आले. मुलीच्या आणि सिस्टरच्या पत्रांचे छापील कागद पिशवीत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

काका जिने धावत चढले. धाप लागली होती, डोळे वाहत होते. फोन माझ्या हातात कोंबला. बघ, म्हणाले, बघ, माझी पोर बोलली.

'बाबा, आज पोहोचलं का?'

खाली मेलचा पत्ता तिचाच. काल दुपारी, फॉर्ममधून. काकांनी उत्तर लिहिलं होतं, बाळा, दार उघडं आहे. त्यावर पुन्हा फॉर्ममधूनच आलं: 'गुरुवारी येते.'

मालक पांढरेफटक पडले. मी कागदाची पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली. काका म्हणाले, तुझ्यामुळे झालं हे सगळं. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाची तरी क्रूर थट्टा असेल म्हणून नोंदी तपासल्या. बाहेरून कुणीच आलेलं नाही. फॉर्म भरला गेलाय तो सर्व्हरच्या आतून.

फॉर्म बंद केला. तरी काकांना एक मेल गेला. मेलखातं पुसलं. गेला. साइटच काढून टाकली, आता तिथे कोरं पान आहे, तरी काकांच्या फोनवर—

'बाबा, माझी खुर्ची आहे ना?'

मालकांनी दुपारीच सुट्टी घेतली. फोन उचलत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

काकांनी वरच्या खोलीला रंग दिलाय. नवी चादर, उशीला अभ्रा. त्या खोलीत उभं राहून मी सगळं सांगितलं, कागद हातात दिले. ते एकेक पत्र वाचत गेले, एकही गाळलं नाही. सिस्टरची तिन्ही वाचली. 'दाराकडे तोंड करून' यापाशी त्यांनी कागद छातीशी धरला आणि जो आवाज केला तो—

नाही लिहिता येत.

नंतर विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हटलं, गुरुवारपासून. त्यांनी कागदांच्या कडा ठोकून जुळवल्या. मी म्हटलं, काका, ती गेलीये, जे कोण येतंय ते ती नाही, दार लावून घ्या, माझ्याकडे चला. तर अगदी शांतपणे म्हणाले,

"ती जिवंतपणी आली तेव्हा दार लावलं होतं मी. आता कशी येते ते येऊ दे. तू उद्या थांब माझ्याजवळ. एकट्याने धीर व्हायचा नाही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साडेतीन. काकांच्या घरी. नुसती वाट बघवत नाही म्हणून लिहीत बसलेय. लख्ख ऊन आहे. दार सताड उघडं. काकांनी दाढी केलीये.

चार. खालच्या पायरीवर पाऊल. मग थांबलं. आजारी माणूस थांबतं तसं.

पुन्हा एक.

दारात कुणी नाही. पण काका बाजूला झाले, वाट दिली— हळू ये म्हणाले, उंबरा आहे. त्यांचा हात हवेत कुणाच्या तरी पाठीवर—

रडताहेत. हसताहेत. काय म्हणताहेत कळत नाही. मला इतकं वाईट वाटतंय की भीतीच—

काकांनी मला तिच्या खुर्चीवरून उठायला सांगितलं. उठले. खुर्ची करकरली.

काकांचा फोन वाजला. ते वाचताहेत. माझ्याकडे बघताहेत. फोन माझ्यापुढे धरला—

'बाबा, हीच का ती? हिने माझी पत्रं सहा दिवस दडवली?'

काका, मी सांगणारच होते— मी दोनदा आले होते गल्लीत—

काकांनी फोन खिशात टाकला. दाराकडे गेले. आतून कडी घाल