भोपळ्याचा डावा डोळा

रेड विलो, मोंटाना
१२ जून १९५८

तीर्थरूप हाल्वर काकांस,
ऑरिनचा वाकून नमस्कार, वि. वि. इकडे सगळं ठीक, म्हणजे मी सोडून सगळं ठीक, असं आई म्हणते. टायरच्या दुकानात मी मालकाच्या टोपीला आतून ग्रीस लावलं, त्यावरून. मालकाला टक्कल आहे, तेव्हा नुकसान काहीच झालं नाही.

आता कामाचं. सिग्नेताईचा उजवा डोळा वाचला नाही. कुंपणाची तार ताणताना तुटली आणि सरळ तोंडावर आली. डॉक्टर म्हणाले, डावा शाबूत आहे, तो जपा. आईने लगोलग बाबांची रायफल मामाला देऊन टाकली. घरात राहिली तर ही पुन्हा रानात जाईल म्हणे. काका, बाबा गेल्यापासून दर हिवाळ्याचं एल्क हरणाचं मांस ताईनेच आणलंय. मला तर गोठ्याची भिंतसुद्धा चुकते. आता ती दिवसभर खिडकीत बसून वाटाणे सोलते आणि सगळ्यांशी गोड बोलते. ताई गोड बोलायला लागली म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तर मी ठरवलंय. ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम उघडतो. त्याच्या आत तिला डाव्या खांद्यावरून मारायची नवी रायफल बांधून द्यायची. नळी आणि लाकूड मी बघतो. पण मधला लोखंडी गाभा, तुम्ही लोक ज्याला ॲक्शन म्हणता, ज्यात काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, मागेपुढे होतो, तो कुठला घेऊ? डाव्या हाताचाच लागेल ना? हात थरथरतात म्हणून तुम्ही बंदुका बांधायचं दुकान बंद केलंत हे ठाऊक आहे. हात माझे घ्या, डोकं तुमचं द्या. माझ्या डोक्याबद्दल मास्तरांनी काय लिहून दिलं होतं ते तुम्ही वाचलंच आहे.

आहे तो लोभ असू द्या. वाढवलात तर मी नको म्हणणार नाही.
तुमचा, ऑरिन


सेज फोर्क, वायोमिंग
२५ जून १९५८

चि. ऑरिन यास अनेक आशीर्वाद.
तुझ्या पाकिटातून पत्राबरोबर मिरपूड निघाली. संध्याकाळपर्यंत शिंकत होतो. तुझा बापही असाच होता, फक्त तो तपकीर घालायचा.

आता दात काढणं थांबव आणि वाच. डाव्या हाताची ॲक्शन मिळणं कठीण. शोध, पण तिच्यासाठी अडून बसू नकोस. कुठलीही घे, आधी एवढं बघ. गोळी सुटते तेव्हा तेवढाच जोर मागेही येतो, आणि तो बोल्टच्या पुढच्या दोन दातांवर अडतो. ते दात आणि ते जिथे अडकतात ती जागा, दोन्ही कडक हवी. कडकपणा डोळ्याला कळत नाही, कानशीला कळतो. बारीक कानस हलकेच घास. घसरली तर माल चांगला. चावली, तर लोखंड मऊ पडलंय, दाराला आडवं ठेवायला वापर.

सिग्नेला एकच डोळा आहे आणि तो बोल्टच्या बरोब्बर मागे असणार. हे झोपेतसुद्धा विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार. मला चार ओळी लिहीत नाही म्हणून सिग्नेवर मी रागावलोय, हे तिला कळव.
तुझा काका, हाल्वर


रेड विलो
१७ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस नमस्कार, वि. वि.
सगळा जिल्हा पालथा घातला! डाव्या हाताची एकच रायफल सापडली, एका दातांच्या डॉक्टरकडे. तो विकेना. उलट माझे दात बघून म्हणाला, तू रायफलचं नंतर बघ, आधी इथे बस. मी पळालो.

मग इथल्या अवजारांच्या दुकानात गेलो. तिथे सैन्यातल्या जुन्या माउझर रायफली पिंपात उभ्या केल्यात, ग्रीसमध्ये माखलेल्या, लोणच्याच्या काकड्यांसारख्या. इतकं कुरूप लोखंड मी पाहिलं नाही. बोल्टची दांडी कोपर मारल्यासारखी सरळ बाहेर, आणि बोल्टच्या मागे पातेल्याच्या झाकणासारखी रुंद कड. ताईच्या हातात हे द्यायचं? छे!

आणि मग काका, जत्रेत एका म्हाताऱ्याच्या टेबलावर ती ॲक्शन दिसली. निळी, जांभळी, मधेच गव्हासारखी पिवळी. मोराचं पीसच! बोल्ट असा फिरतो जसा लोण्यातून चमचा. बनवणाऱ्याचं नाव घासून गेलंय, पण नावाला काय चाटायचंय? घेतली. नळी यंत्रशाळेत बसवायला टाकलीय, लाकडाला तेल चोळतोय. ताई एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली की तेल जास्त झालंय. टोमणा मारला, काका! एप्रिलमध्ये तार लागली त्यानंतर पहिल्यांदा!

कानस तेवढी लावली नाही. ओरखडा उठेल. मोराला कोणी कानस लावतं का?

तुमची माया अशीच राहो.
तुमचा, ऑरिन


सेज फोर्क
२३ ऑगस्ट

चि. ऑरिन यास आशीर्वाद.
हे रंग आले कुठून, ते त्या म्हाताऱ्याला विचारलंस का? लोखंडाला असे रंग विस्तव देतो. जाणकार माणूस ते नीट आणतो. हौशी माणूस शेगडीवर धरतो, रंग बघून खूश होतो, आणि आतला कडकपणा उडून गेल्याचं त्याला कळतही नाही. आपल्या धंद्यात सुंदर करण्याच्या नादात जेवढी हत्यारं मेलीत तेवढी गंजून मेली नाहीत.

कानस लाव. ओरखड्याची एवढी काळजी असेल तर रायफल टायरला घट्ट बांध, चापाला लांब दोरी लाव आणि ट्रकच्या आड बसून ओढ. टायर तुझ्या दुकानात पुष्कळ आहेत. त्याआधी सिग्नेने ती खांद्याला लावली तर मी स्वतः येऊन तुझे कान उपटीन. थरथरत्या हातांनी उपटलेले कान जास्त दुखतात.
काका


रेड विलो
१४ सप्टेंबर

तीर्थरूप काकांस नमस्कार.
कानस लावली नाही. टायर बांधला. आणि मला वाटलं, ताई बघणार आहे तर थोडी गंमत करू. परसातला भोपळा आणला, कोळशाने त्यावर ताईचं तोंड काढलं, तिच्यासारखी फडक्याची पट्टी उजव्या डोळ्यावर बांधली, आणि रायफलच्या लाकडावर तिचा गाल जिथे टेकेल तिथे तो भोपळा टेकवून ठेवला. ताई हसली. खरंच हसली. म्हणाली, नाक माझं एवढं मोठं नाही.

मग दोघं ट्रकच्या आड बसलो आणि मी दोरी ओढली.

आवाज नेहमीसारखा नव्हता. जाऊन बघतो तर ॲक्शनला चीर गेलेली, बोल्ट मागे सरकून वाकडा झालेला. भोपळ्याची पट्टी जागच्या जागी होती. डाव्या डोळ्याच्या जागी आरपार भोक.

ताईने बोट घालून काडतुसाचा फाटका पितळी तुकडा बाहेर काढला, एप्रनच्या खिशात टाकला आणि पाव भाजायला निघून गेली. मी तिथेच बसून राहिलो. काका, ती मोराच्या रंगाची ॲक्शन माझ्या हौसेने आणलेली होती. आई म्हणते, आता पुरे. तुम्ही सांगाल ते करीन. करू नको म्हणालात तरी करीन.
ऑरिन


रेड विलो
१५ सप्टेंबर

तीर्थरूप हाल्वर काकांस, सिग्नेचा नमस्कार, वि. वि.
ऑरिनचं पत्र याच पाकिटात आहे. त्यात मिरपूड नाही, त्यावरून घरची अवस्था ओळखा.

उन्हाळाभर तुम्ही दोघं माझ्यासाठी डावा बोल्ट शोधत होता, पण मला कोणी विचारलं नाही. मी उभ्याने कधी मारते का? बाबांनी शिकवलं तसं आडव्या ओंडक्यावर किंवा खोगिरावर टेकवूनच मारते. बंदूक टेकली की एक हात मोकळाच असतो. डावा चापावर, उजवा बोल्टवर. झाडू घेऊन करून बघितलं. आधीपेक्षा भरभर होतं, चापावरचा हात हलवावा लागत नाही.

आज मी स्वतः दुकानात जाऊन पिंपातला तो कुरूप माउझर काढला. ग्रीस पुसलं आणि कानस लावली. दुकानदार ओरडला, त्याला ओरडू दिलं. कानस घसरली. दांडी सरळ बाहेर आहे ते बरंच, मला उजवीकडचं दिसत नाही, हाताला आपोआप सापडते. मागची ती रुंद कड कशाला असते हो? दुकानदार म्हणतो, हौशी लोक ती बारीक करून घेतात, शोभत नाही म्हणून. मला तर ती कोणाच्या तरी डोळ्यासाठी केलेली वाटते.

आई नको म्हणते. मी जाणार आहे. तुम्ही रागावला होता ना, तो राग आता सोडा.
तुमची, सिग्ने


सेज फोर्क
२२ सप्टेंबर

चि. सौ. नव्हे, चि. सिग्ने हिला खूप खूप आशीर्वाद.
पोरी, बरोबर ओळखलंस. काडतूस मागे फुटलं तर त्याचा जाळ त्या कडेवर आपटून बाजूला फेकला जातो. ती कापू नकोस, दांडी वाकवू नकोस. दांडी दुर्बिणीला आड येते म्हणून लोक वाकवतात; तुला दुर्बीण लावायची नाही, तेव्हा वाकवायची गरजही नाही. हेही टायरला बांधूनच पहिल्यांदा उडवा. ऑरिनला म्हणावं, कानस न लावण्याची शिक्षा म्हणून एल्क तो ओढेल. आणि वहिनींना म्हणावं, हाल्वरने ही ॲक्शन स्वतःच्या लेकीसाठी निवडली असती.
तुझा काका


रेड विलो
२७ ऑक्टोबर

तीर्थरूप हाल्वर काकांस ऑरिनचा साष्टांग नमस्कार, वि. वि. साष्टांग अशासाठी की पाठ सरळ होत नाहीये.

टायरवर पुन्हा भोपळा ठेवला होता, या वेळी आईने. तोंड काढलं नाही. मी दोरी ओढली, परत ओढली, काडतुसं संपेपर्यंत ओढली. भोपळा जसाच्या तसा. आईने तो उचलला, सगळीकडून फिरवून बघितला आणि त्याची गोड पाई भाजली. जेवताना म्हणाली, सिग्ने, बाबांचे हातमोजे पेटीत तळाला आहेत.

हंगाम उघडला त्या दिवशी आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो. ताई पडलेल्या पाइनच्या ओंडक्यावर रायफल टेकवून पसरली. समोर एल्क आला. तिने गाल लाकडाला लावला आणि काका, मी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. बार झाला. लगेच बोल्टचा खडखड आवाज. तरी मी डोळे उघडेना. मग ताईचा आवाज आला, प्रार्थना संपली असेल तर दोर आण, तो पडलाय. बघितलं तर ती माझ्याकडे वळून हसत होती आणि डावा डोळा जागेवर होता. मी तिथेच बसलो आणि रडलो. हे आईला कळवू नका.

एल्क मी ओढला. सगळा. ताई पुढे रायफल घेऊन चालत होती आणि रस्ताभर मला शिकवत होती. गोड बोलणं एकदम बंद झालंय.

आज सकाळी उठलो तर ओसरीवर भोपळा ठेवलेला. त्यावर कोळशाने माझं तोंड काढलंय, दात पुढे आलेले, दोन्ही डोळे गच्च मिटलेले. गावातला जो येतो तो थांबून बघतो. मालकही बघून गेला. मी तो हलवलेला नाही, काका. कुजेपर्यंत तिथेच राहू दे.

तुमच्या वाटणीचं मांस खारवून पाठवलंय. त्यात मिरपूड आहे, पण ती आईने घातलीय. माझ्यावर आहे तोच लोभ ठेवा, ताईवरचा थोडा कमी केलात तरी चालेल.
तुमचा, ऑरिन