बारतांगचा वेग

प्रिय इमोमदोद,

आई बरी आहे. सकाळी दोन वाट्या शीरचोय चहा पिते आणि कुरकुरते, "वरच्या छावणीत फोन लागत नाही, तर तू पोराला चार ओळी लिहू नयेस का?" ही चिठ्ठी ट्रकवाल्या आजोराबेकच्या हाती देतेय.

काल सारफरोज काकांचं गाढव बारतांग नदीत वाहून गेलं. पुलाच्या खांबासाठी तू खुणा केल्यास ना, तिथेच. पाणी जेमतेम पोटाला लागत होतं. काका म्हणाले, "पाणी क्षणभर थांबल्यासारखं झालं बघ, आणि मग कुणी खालून पाय ओढावेत तसं झालं." काका कसेबसे काठाला लागले.

बारा वर्षं पात्रावरच्या तारेला टांगलेल्या पाळण्यात बसून मी या नदीचा वेग मोजतेय. वेग मोजायचा पंखा पाण्यात सोडायचा आणि शंभर सेकंद फेऱ्या मोजायच्या. वरच्या अंगाला पात्रात असलेल्या खडकामुळे पाणी एका वेगानं येतच नाही. भोवऱ्यानं पाणी धरलं की पंखा रेंगाळतो, सोडलं की पिसाटासारखा फिरतो. थोडाच वेळ मोजलं तर काहीही आकडा येतो. वसंतात तारेची कडी निसटली, पाळणा कलंडला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात लोंबकळले. कुणाला बोलले नाही. "बाईमाणूस, घाबरली," म्हणाले असते. तेव्हापासून पाळण्यात पाय ठेवला की कधी एकदा उतरते असं होतं.

आज सकाळी तरीही चढले. पाच ठिकाणी शंभर-शंभर सेकंद मोजले. पाणी जूनइतकंच होतं, पण वेग तेव्हाच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मग जूनमध्ये काय मोजलंस तू?"

जूनमध्ये मी वीसच सेकंद मोजले होते, इमोमदोद. पाळणा हलत होता, मला काठावर परतायचं होतं. पंखा रेंगाळला होता तेवढ्यात मिळालेला आकडा मी वहीत लिहिला. त्यावरच तू जागा ठरवलीस आणि सोमवारी माणसं घेऊन तिथे उतरणार आहेस. उतरू नकोस. खरे आकडे मागच्या बाजूला लिहिलेत. साहेबांनाही सगळं सांगितलंय, नोकरी राहीलसं वाटत नाही. माझ्यावर हवं तेवढं रागव, पण आजोराबेकच्या हाती "मिळालं" एवढं लिहून पाठव. तोवर माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.

तुझीच बहीण,
नवरोजमो